पन्नालाल घोष यांनी बासरी केवळ लांब केली का?

तुमचे तीन प्रश्न मी आधी एकत्र मांडतो, कारण माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे तीन पदर आहेत. तुम्ही तीन वर्षे बासरी शिकत आहात, नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास रियाज करता आणि अलीकडे बासरीवादक पंडित पन्नालाल घोष यांच्याविषयी वाचताना तुम्हाला वाटले की, एक लहान वाद्य मोठे केले एवढेच त्यांचे कर्तृत्व असावे. हे खरे आहे का, हा पहिला प्रश्न. त्यांच्या परंपरेतली सात छिद्रांची बासरी घ्यावी की सध्या सर्वत्र दिसणारी सहा छिद्रांची, हा दुसरा. ज्यांनी आयुष्याची इतकी वर्षे चित्रपटांत आणि आकाशवाणीत काढली, त्यांच्या शास्त्रीय साधनेचे त्यामुळे नुकसान झाले का, हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नामागे तुमची स्वतःची काळजी आहे, कारण तुम्हाला ध्वनिमुद्रणाची छोटी कामे मिळू लागली आहेत आणि ती घ्यावीत की नाही, हे तुमचे ठरत नाही.

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, लांबी हा त्यांच्या कामाचा परिणाम आहे, ते काम नव्हे. त्यांच्या कानात आधी एक आवाज होता: ख्यालगायकाच्या गळ्यातून येणारा, मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, सावकाश वर सरकणारा, एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाणारा. तो आवाज हातातल्या वेळूतून निघेना, म्हणून त्यांनी वेळू बदलला. हा क्रम तुमच्या मनात पक्का झाला तर पुढच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप सापडतील.

त्यांचा जन्म 1911 साली पूर्व बंगालातील बरिसाल येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. मूळ नाव अमलज्योती. पन्नालाल हे घरात हाक मारण्याचे नाव, तेच पुढे जगाला माहीत झाले. आजोबा धृपद गात, वडील अक्षयकुमार सतार वाजवत. लहानपणी नदीत त्यांना बासरी सापडली आणि एका साधूने त्यांच्या हाती हेच वाद्य राहील असे सांगितले, अशी कथा बासरीवादकांमध्ये सांगितली जाते. ती मीही शिष्यांना सांगतो, पण तिच्यापेक्षा मला त्या घरातले धृपद महत्त्वाचे वाटते. पुढे ते कोलकात्याला आले आणि न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेत संगीतकार रायचंद बोराल यांच्या हाताखाली काम करू लागले. 1938 साली सेराईकेला येथील छाऊ नृत्याच्या पथकाबरोबर त्यांचा युरोपचा दौरा झाला.

त्यांच्या गुरूंची यादी नीट पाहा, कारण तिच्यात बासरीवादक एकही नाही. पहिले नावाजलेले गुरू खुशी मोहम्मद खाँ, ते हार्मोनियमचे उस्ताद. त्यानंतर गिरिजाशंकर चक्रवर्ती, ते गायक. शेवटी मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, ज्यांचे मुख्य वाद्य सरोद असले तरी जे अनेक वाद्ये वाजवत आणि शिकवत. हार्मोनियम वाजवणारा माणूस बासरीवाल्याला बोटे कुठे ठेवावीत हे सांगू शकत नाही, फुंक कशी घालावी हेही नाही. तो फक्त राग सांगू शकतो, बंदिश सांगू शकतो, कोणत्या जागेवर थांबायचे आणि कोणती जागा नुसती स्पर्शून सोडायची हे सांगू शकतो. ते ऐकायचे आणि आपल्या वाद्यावर कसे आणायचे याचा शोध घरी एकट्याने घ्यायचा, अशा शिक्षणात विद्यार्थ्याला वाद्याच्या सोयीमागे लपता येत नाही. गुरू स्वतः बासरीवादक असता तर ‘हे आपल्या वाद्यावर होत नाही’ असे सांगून त्याने कदाचित एखादी जागा सोडून द्यायला शिकवले असते. पन्नालालजींना तसे सांगणारे कोणी नव्हते, आणि मला हे त्यांचे मोठे भाग्य वाटते.

त्या काळी बासरीची जागा काय होती हेही लक्षात घ्यायला हवे. लोकसंगीतात ती होती, नृत्याच्या साथीला होती, चित्रपटाच्या वाद्यवृंदात होती. पण मैफलीत मध्यभागी बसून एक राग तासभर मांडणारे वाद्य म्हणून उत्तर हिंदुस्थानी संगीतात तिला स्थान नव्हते. याच सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इतर वाद्येही हा उंबरठा ओलांडत होती. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईला, पंडित रामनारायण यांनी सारंगीला आणि पुढे पंडित शिवकुमार शर्मा यांनी संतूरला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. या प्रत्येकाची अडचण वेगळी होती. सारंगीकडे गळ्याची मींड, म्हणजे सुरातून सुरात अखंड सरकणे, आधीपासूनच होती, तिला साथीच्या जागेवरून पुढे यायचे होते. बासरीची अडचण खुद्द तिच्या अंगातच होती.

लहान बासरीचा स्वर उंच असतो. त्या पट्टीत चपळ धुन गोड वाटते, परंतु दरबारी किंवा मारवा हे राग मांडायला बसलात की सूर डोक्यावरून जातो, श्रोत्याच्या छातीत उतरत नाही. स्वर खाली आणायचा तर नळी लांब हवी आणि तिच्या प्रमाणात पोकळीही रुंद हवी. पन्नालालजी अशा रीतीने सुमारे 32 इंच लांबीच्या बासरीपर्यंत पोहोचले. वेगवेगळी द्रव्ये वापरून पाहिल्यावर ते पुन्हा बांबूकडेच वळले असे सांगितले जाते, आणि ज्याने धातूची व बांबूची अशा दोन्ही बासऱ्या फुंकल्या आहेत त्याला त्याचे कारण विचारावे लागणार नाही. पण बत्तीस इंचाची बासरी म्हटले की अडचणींची रांगच उभी राहते. दोन गाठींमधले कांडे तेवढे लांब, सरळ आणि पातळ भिंतीचे असलेला बांबू हवा, आणि असा बांबू सहज मिळत नाही. आजही बासरीसाठीचा चांगला बांबू आसामकडून येतो. छिद्रे मोठी होतात आणि एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे बोटे ताणावी लागतात. फुंक जास्त लागते, आणि ती मंद्रात हलकी व तारात, म्हणजे वरच्या सप्तकात, धारदार अशी क्षणोक्षणी बदलावी लागते. मात्र त्याच मोठ्या छिद्रांमुळे एक दारही उघडते: बोट छिद्रावरून सावकाश सरकवून ते अर्धे, पाव, त्याहूनही कमी उघडता येते, आणि मींड व सूक्ष्म श्रुती (सुरांमधली बारीक अंतरे) यांचा रस्ता तिथूनच जातो.

आता सातव्या छिद्राकडे येऊ. हातात बासरी घेऊनच पुढचा परिच्छेद वाचा.

सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज (सा) मिळतो. तिथून एकेक बोट उचलत गेलात की रिषभ, गंधार, वरचे छिद्र अर्धे झाकून शुद्ध मध्यम, आणि सर्व छिद्रे मोकळी केली की तीव्र मध्यम. त्यापुढचा मध्य सप्तकातला पंचम मात्र सहाही छिद्रे झाकून, जोराच्या फुंकेने मिळतो. म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम हे गळ्यात एकमेकांना खेटून असलेले दोन सूर बासरीवर दोन टोकांना जाऊन बसतात: एकात सगळी बोटे वर, दुसऱ्यात सगळी खाली. यमन रागात मध्यमावरून पंचमावर जी सावकाश मींड गायक सहज घेतो, ती इथे अचूक मधोमध तुटते. पन्नालालजींनी सहाव्या छिद्राखाली, किंचित बाजूला, करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले. ते झाकले की मंद्रातला तीव्र मध्यम मिळतो, जो एरवी बासरीच्या आवाक्यातच नव्हता. आणि तीच सात बोटे ठेवून फुंक चढवली की मध्य सप्तकातला तीव्र मध्यम मिळतो. आता केवळ करंगळी हळूच सरकवायची, की मध्यमातून पंचम उमलतो. मधे खाच नाही, सांधा नाही. हे छिद्र एखाद्या कारागिराला सुचण्यासारखे नव्हते. यमनची ती जागा अनेकदा गाऊन पाहिलेल्या आणि वाजवताना तिथेच अडखळलेल्या माणसालाच ते सुचू शकते.

मी स्वतः एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा सात छिद्रांची बासरी हातात घेतली. गुरुजींनी पंचम लावायला सांगितला, तो लागला. मग म्हणाले, करंगळी ठेवा. ठेवली, आणि नळीतून सुराऐवजी नुसता वारा आला, कारण करंगळी पोहोचवण्याच्या धडपडीत अनामिका आपल्या छिद्रावरून केसभर उठली होती. अनामिका दाबली तर करंगळी उठे. असा खेळ आठ-दहा दिवस चालला. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले. एके दिवशी गुरुजींनी बासरी काढून घेतली आणि म्हणाले, “आधी गाऊन दाखवा.” मी गायलो. त्यांनी मध्येच थांबवले: “गळ्यातही तुम्ही मध्यम सोडून पंचमावर उडीच मारता आहात. करंगळीला कशाला दोष देता?” पुढचे तीन आठवडे बासरी बंद राहिली आणि फक्त तेवढीच जागा तानपुऱ्यावर गायची, असे ठरले. त्यानंतर बासरी पुन्हा हातात आली तेव्हा करंगळी चौथ्या दिवशी बसली. बोटे तीच होती, तिथे काय हवे आहे ते कानाला आता माहीत होते.

त्यांचे यमन आणि श्री या रागांचे ध्वनिमुद्रण आज सहज ऐकायला मिळते. ऐकताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. सतार किंवा सरोद यांचे वादन आघातावर उभे असते, म्हणून तिथे जोड आणि झाला हे आलापानंतरचे लयदार टप्पे नैसर्गिकपणे येतात. बासरीत आघात जिभेने आणि फुंकेने निर्माण करावा लागतो. तो करता येतो, आजचे वादक फार प्रभावीपणे करतात, परंतु तो या वाद्याचा मूळ स्वभाव नव्हे. पन्नालालजींनी आपला मुख्य भर विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाच्या बढतीवर, म्हणजे रागाच्या टप्प्याटप्प्याने विस्तारावर ठेवला. श्रीमधला कोमल रिषभ ते ज्या रीतीने पंचमाशी जोडतात, तिथे श्वास कुठे घेतला हे शोधण्याचा प्रयत्न मी अनेक वर्षे करतो आहे. श्वास घेतलेला असतोच, बासरीवादकाला त्यातून सुटका नाही. पण तो ओळ संपल्यावर येतो, गायकाचा येतो तसा. नवशिक्याचा श्वास हवा संपल्यावर येतो. तुमचे जे ध्वनिमुद्रण तुम्ही पाठवले आहे त्यात सर्वांत आधी दुरुस्त करण्यासारखे हेच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. सात छिद्रांची परंपरा पन्नालालजींचे जावई व शिष्य पंडित देवेंद्र मुर्डेश्वर यांच्याकडून पुढे गेली. मुंबईचे पंडित नित्यानंद हळदीपूर आणि पुण्याचे पंडित केशव गिंडे यांच्यामुळे मराठी श्रोत्यांच्या ती परिचयाची आहे. दुसरीकडे पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी सहा छिद्रांच्या बासरीवर जे उभे केले ते सर्व जगाने ऐकले आहे, आणि त्यांच्या वादनात काही कमी पडते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तेव्हा छिद्रांच्या संख्येवरून परंपरांची उंची मोजू नका. तुमचे सध्याचे गुरू जी बासरी वाजवतात तीच वाजवा. बोटांची ठेवण, फुंकेचा कोन, मध्यम-पंचमाचा सांधा जुळवण्याची युक्ती हे सर्व त्या त्या परंपरेत एकमेकांना धरून असते. त्यातले एकच छिद्र उचलून आणले तर ते फक्त करंगळीला त्रास देते. मात्र पट्टी ठरवताना घाई करू नका. मैफलीत आज साधारणपणे पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज असलेली) बासरी चालते, पण तुमचे हात अजून त्या अंतराला सरावलेले नसतील तर वर्षभर त्याहून लहान अशा पांढरी पाचवर राहिलात म्हणून काही बिघडत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचे आहे.

पन्नालालजी 1940 साली मुंबईत आले. त्यांच्या पत्नी पारुल घोष उत्तम गायिका होत्या आणि संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. ‘किस्मत’ (1943) या चित्रपटातले ‘पपीहा रे’ हे गाणे पारुल यांनीच गायलेले आहे. पन्नालालजींनी ‘बसंत’ (1942) आणि ‘आंदोलन’ (1951) यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले, इतरांच्या चित्रपटांसाठी बासरी वाजवली. घर चालवायचे होते, आणि एकट्या बासरीवादनाच्या मैफलींवर घर चालावे अशी त्या वेळी व्यवस्थाच नव्हती. ती व्यवस्था तर त्यांनाच उभी करायची होती. चित्रपटाच्या कामाला मी कमी लेखत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मायक्रोफोनसमोर पहिल्याच फुंकेला सूर शुद्ध लागावा लागतो, तिथे मैफलीसारखी दहा मिनिटे वाद्य तापवण्याची सवलत नसते. नळीतली हवा थंड असेल तर बासरीचा स्वर उतरतो, एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट हा अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणजे दहा अंशांच्या फरकाने जवळजवळ पाव सूर नसला तरी कानाला स्पष्ट बोचेल एवढा. वातानुकूलित खोलीत ज्याने ही कामे केली आहेत त्याला ओठ किंचित फिरवून सूर सावरण्याची जी सवय लागते, तीच डिसेंबरातल्या पुण्याच्या उघड्या मंडपात उपयोगी पडते.

धोका दुसरीकडे आहे. तिथे जे मागितले जाते ते चार मात्रांचे असते, गोड असते आणि नेहमी तेच असते. मी विशीत आणि तिशीत अशी पुष्कळ कामे केली. एका संगीतकाराकडे तर सलग दोन वर्षे जात होतो आणि पहाटेचे तेच एक वळण, थोड्या फरकाने, किती वेळा वाजवले याची गणती नाही. पैसे वेळेवर मिळत नसत, पण ते दुःख गौण होते. खरे दुःख एका बैठकीत समजले: भूप मांडताना दहाव्या मिनिटाला माझ्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही आणि बोटे आपणहून त्या पहाटेच्या वळणाकडे गेली. समोर बसलेल्या एका वृद्ध रसिकाने मान खाली घातली. त्यांनी काहीही म्हटले नाही.

म्हणून पन्नालालजींच्या चरित्रातले 1947 हे वर्ष मला सर्वांत मोठे वाटते. त्या वर्षी ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला गेले. तेव्हा त्यांचे वय सुमारे छत्तीस होते. बासरीवादक म्हणून नाव झालेले होते, चित्रपटाला संगीतकार म्हणून नाव लागत होते, मोठी बासरी हातात होती. असा माणूस पुन्हा शिष्य होऊन बसतो, तेही अत्यंत कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या गुरूंपुढे. त्याच परंपरेचे शिक्षण पुढे खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवींकडून हरिप्रसादजींनी घेतले. तेव्हा तेही मुंबईत आकाशवाणी आणि चित्रपट यांत स्थिरावलेले होते आणि त्यांनी बासरी धरण्याची बाजू बदलून सर्व काही पहिल्यापासून सुरू केले. दोघांच्या आयुष्यात हे इतके सारखे आहे की तो योगायोग मानणे मला जमत नाही. चित्रपटाने यांचे नुकसान केले नाही, कारण दोघांनीही त्या कामाला आपला गुरू होऊ दिले नाही.

पुढे 1956 साली पन्नालालजी दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले. तिथे त्यांनी ‘कलिंग विजय’ यासारख्या वृंदरचना केल्या. दीपावली, नूपुरध्वनी, चंद्रमौली, पुष्पचंद्रिका हे त्यांचे राग. त्यांचे धाकटे बंधू निखिल घोष यांनी तबल्यात मोठे नाव मिळवले आणि 1956 मध्येच मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापन केली. 20 एप्रिल 1960 रोजी दिल्लीत पन्नालालजींचे निधन झाले. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. मुंबईत आल्यापासून मोजले तर जेमतेम वीस वर्षे मिळाली, आणि त्यांतलीही बरीच दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने बांधलेली.

तुम्ही कामे घ्या. आठवड्यातले दोन दिवस त्यांना द्या आणि त्या दोन दिवशीही घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी वीस मिनिटे मंद्र पंचमावर नुसता लांब सूर लावा, जेणेकरून दिवसभराची छोटी वळणे ओठांवर साचून राहणार नाहीत. आकाशवाणीच्या श्रवणचाचणीची तयारी यंदा करू नका. बी ही सुरुवातीची श्रेणी मिळवण्यासाठी पाच रागांचे सांगाडे पाठ करण्यापेक्षा पुढचे सहा महिने एकच यमन घ्या. तुमच्या गुरूंकडून किंवा एखाद्या गायकाकडून विलंबित एकतालातली एक बंदिश शब्दांसह घ्या, ती रोज अर्धा तास तानपुऱ्यावर गा, आणि गाताना श्वास कुठे घेतलात ते वहीत बंदिशीच्या ओळीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा. मग तीच ओळ बासरीवर वाजवताना त्या खुणांखेरीज इतरत्र श्वास घ्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात फुंक पुरणार नाही आणि मंद्र धैवतावर सूर विझेल; तिथे फुंक वाढवू नका, ओठांची फट लहान करा. पुढचे ध्वनिमुद्रण पाठवाल तेव्हा त्याबरोबर त्या वहीच्या पानाचे छायाचित्रही पाठवा, मी दोन्ही शेजारी ठेवून ऐकेन.